जर्मन पेस्टचं वाण

आमचे हे सहा महिने जर्मनीला राहून आले आणि अक्कल तिकडेच ठेवून आले, असं मी तेव्हा माहेरी फोनवर सांगायचे. आईला वाटायचं मी थट्टा करतेय. कसली थट्टा? मला खरोखरच त्या माणसाचा वीट आला होता.

दोन हजार पाचच्या सुमाराला आम्ही चेन्नईत पेरुंगुडीला राहत होतो. यांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस घरापासून चालत दहा मिनिटांवर. हे परदेशी गेले तेव्हा मला सोबत म्हणून माझे सासरे, म्हणजे बाबा, सोलापूरहून येऊन राहिले होते. रेल्वेत गार्ड होते, रिटायर झालेले. बोलायला इतके गोड की मी भाजी निवडत बसायचे आणि ते मला वाडी जंक्शनच्या गमती सांगायचे. त्यांचा मुलगा घरात नव्हता ते सहा महिने आम्ही दोघं मजेत होतो, अगदी खरं सांगते.

दिवाळीच्या आधी हे परतले आणि त्याच सुमाराला बाबांची कवळी ढिली झाली. हिरड्या आटल्या होत्या. तोंड उघडलं की वरचे दात खाली घसरायचे, मग हात तोंडावर, आणि शब्द सगळे आतल्या आत. जेवणात सांबारात कुस्करलेला भात, दोन्ही वेळा तोच. लोकांसमोर तर ते जेवेनासेच झाले. आमच्याच रस्त्यावर एक दातांची डॉक्टरीण होती, तरुण, हुशार मुलगी. तिनं पाहिलं आणि म्हणाली, दोन आठवड्यांत नवी बसवून देते.

तर हे म्हणाले, ‘‘इथे? बाबांच्या तोंडात मी लोकल माल घालणार नाही. मार्चमध्ये परत जायचंय मला. माप घेऊन जातो, तिकडून करून आणतो.’’

माप! जसं काही बनियन आणायचं होतं. मी म्हटलं, अहो, तोवर त्यांनी खायचं काय आणि बोलायचं कसं? तर म्हणे, क्वालिटीसाठी थांबावं लागतं.

या माणसाचं दातांचं वेड तिकडेच सुरू झालं होतं. इथे आल्यावर दर शनिवारी शहरात नुंगंबाक्कमला जायचं. तिथे एका दुकानात परदेशी सामान मिळायचं. ब्रशचं प्रत्येक पाकीट उलटं करून कुठे बनलाय ते वाचायचं, आपल्याकडचा निघाला की दोन बोटांनी परत ठेवायचा, उंदीर धरल्यासारखा. दात कोरायचा दोरा स्विस, चुळा भरायचं निळं पाणी फ्रेंच. लाल दंतमंजनावर वाढलेला हा माणूस! दुकानदार बिचारा सभ्य होता, म्हणून काही बोलायचा नाही.

पेस्ट मात्र खास जर्मन. येताना बॅगेत दोन डझन ट्यूबा आणल्या होत्या. बाईसाहेबांना, म्हणजे मला, कपडे आणायला जागा नव्हती. त्या पेस्टला फेस म्हणून यायचा नाही. चिकट, गुलाबी, तोंडात घातली की जीभ टाळूला लागून बसायची. मी दोन दिवस वापरली आणि गुपचूप आपल्या जुन्या ट्यूबवर आले. हे मात्र रोज सकाळी वीस मिनिटं खसखस घासायचे आणि गरम पाण्याच्या चुळांवर चुळा भरायचे.

‘‘फेस ही आपल्याकडच्या लोकांची फसवणूक आहे,’’ हे नाकानं कांदे सोलत सांगायचे. ‘‘ही दातांवर थर करते. बघ, संध्याकाळपर्यंत जात नाही. याला म्हणतात युरोप.’’

वर म्हणायचे, जर्मन कळतं मला. काय कळत होतं? धन्यवाद आणि बिअर.

बाबा हे सगळं खुर्चीत बसून पाहायचे. मधूनच काहीतरी बोलायचे. आम्ही मान डोलवायचो. कोण सारखं सारखं ‘काय म्हणालात’ विचारणार? यांना तर वेळच नव्हता, हिरड्यांना मसाज करायचा असायचा.

संक्रांत आली. त्या शहरात पोंगलची सुट्टी, गेटाला ऊस बांधलेले, आणि आमच्या घरी मराठी बायकांचं हळदीकुंकू. बँकेतल्या, रेल्वेतल्या, आवडी भागातल्या रणगाड्यांच्या कारखान्यातल्यांच्या बायका. एक तर अंबत्तूरहून दोन बस बदलून आली. आणि वाण काय द्यायचं? खोटं कशाला बोलू, मिजास मलाही होतीच. घरात यांना नावं ठेवायची आणि बाहेर यांच्या जर्मनीचा तोरा मिरवायचा. स्टीलच्या वाट्या सगळ्याच देतात, मी जर्मन टूथपेस्ट देणार! एकेकीच्या ओटीत ट्यूब घालताना मी म्हणत होते, फेस येत नाही हं, उंची आहे.

वरच्या मजल्यावर तंजावरकडच्या एक आजी राहायच्या. चार पिढ्या तमिळ मुलखात, पण मराठी अजून घरात जपलेली. त्यांनी ट्यूब डोळ्यांपाशी नेली, पुन्हा लांब धरली आणि मोठ्यानं हसल्या.

‘‘अगो, हें दांत घासावयाचें नव्हे गो! हें पल्सेट चिकटवावयाचें. माझी लेक धाडत्ये मला.’’

पल्सेट म्हणजे कवळी. आजींनी तोंड उघडून स्वतःची दाखवलीसुद्धा, बोटानं हलवून, जागची हलेना. ‘‘तुमच्या त्यांनी यानं दांत घासले?’’ असं त्यांनी विचारलं आणि मग काय, ज्या बायका हसायला लागल्या! बँकवाल्या बाईंना तर ठसका लागला. कुणी आपली ट्यूब आजींच्या ओटीत टाकली, कुणी सासूसाठी ठेवली. मी मेल्याहून मेल्यासारखी तिळगूळ वाटत राहिले.

बायका गेल्यावर हे आले. मी ट्यूब पुढ्यात आपटली आणि सगळं सांगितलं. आधी म्हणे, त्या म्हातारीला काय कळतंय? मग कपाटातून जर्मन डिक्शनरी काढली. चष्मा लावून एकेक शब्द शोधला आणि मोरीत जाऊन नळ सोडला. जावं, घासावं आयुष्यभर. अडीच महिने हा शहाणा दातांना डिंक लावत होता, आणि ज्याला तो हवा होता तो बाप चार हातांवर भात कुस्करत बसला होता.

मी बाबांची कवळी मागून घेतली. धुतली, पुसून कोरडी केली, आजींनी सांगितल्याप्रमाणे तीन ठिकाणी ठिपके दिले. बाबांनी ती बसवली आणि अंगठ्यानं दाबून धरली. पाच मिनिटांनी मी त्यांच्या हातावर तिळाचा लाडू ठेवला. कडकच झाला होता. त्यांनी कट्कन अर्धा तोडला आणि चावला. मला इतकं बरं वाटलं की मी टाळ्याच वाजवल्या.

तेवढ्यात हे टॉवेलनं तोंड पुसत बाहेर आले आणि म्हणतात कसे, ‘‘बघितलंत? युरोपियन क्वालिटी!’’

बाबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. लाडू संपवला, पाणी प्यायले. मग गार्डाच्या त्या जुन्या, खणखणीत आवाजात म्हणाले, ‘‘माझं सोलापूरचं तिकीट काढ.’’

मीच पुढे झाले. म्हटलं, ‘‘अहो बाबा, आज कुठे नीट बोलायला लागलात, आणि असं एकदम काय काढलंत?’’

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नव्हते.

‘‘एकदम कुठे?’’ ते म्हणाले. ‘‘दिवाळीपासून रोज सकाळी चहा घेताना तुला हेच सांगतोय. तू रोज हो म्हणतेस.’’