टाकीखालची लढाई

उदगीरला दादाचं आणि माझं गेमचं दुकान होतं. दादा, माझा मोठा भाऊ, गिऱ्हाईक सांभाळायचा; मी सुटे भाग आणून गेमची मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, जोडायची. समोरच्या गल्लीतला एक जण टीव्हीला लावायचे चकचकीत परदेशी गेमिंग डबे घेऊन बसला होता. तो आम्हाला हसायचा, "तुमच्या जोडलेल्या खोक्यांना रोज पाना लागतो."

दादा म्हणायचा, "तुझा डबा कंपनीनं लॉक केलेला हाय. आमच्या मशीनमध्ये पाहिजे ते घालता येतं."

ते दाखवायला म्हणून मी एका गोळीबाराच्या खेळात आमच्याच गल्लीचा नकाशा बनवला. पाण्याची टाकी, पिंपळ, मठाची भिंत, सगळं. पोरं तुटून पडली. टाकी जो ताब्यात घेईल तो जिंकला.

अप्पांनी, आमच्या वडिलांनी, एकदा तो खेळ पाहिला. शेजारीच त्यांचं किराणा दुकान. कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात तराजूचं माप, तसेच दारात उभे राहिले. पडद्यावर पिंपळाखाली एक माणूस रक्तात पडला होता.

"आपल्याच गल्लीत मुडदे पाडून राहिलात?"

"अप्पा, खेळातला मेलेला लगेच उठतो," मी म्हणाले.

"तेच तर वाईट. मारलं तरी काही होत न्हाई, हे शिकतात पोरं."

त्या साली बोअर आटले होते. उदगीर वेगळा जिल्हा करा म्हणून चौकात रोज घोषणा चालायच्या, पण टँकरचा हॉर्न वाजला की घोषणा देणारेही घागरी घेऊन पळायचे. एका दुपारी टँकर खऱ्या टाकीखाली थांबला आणि पाइपावरून दोन गल्ल्या भिडल्या. बायकांची ओढाओढ झाली, एकीची बांगडी फुटून तिच्याच मनगटात घुसली. अप्पा सोडवायला गेले. समोरच्या गल्लीतल्या एका माणसानं पाइपाचं लोखंडी तोंड फिरवलं ते अप्पांच्या कानशिलावर बसलं. ते चिखलात आडवे झाले.

दादानं घागर उचलली. पितळेची, अर्धी भरलेली. त्यानं ती त्या माणसाच्या तोंडावर घातली. आवाज मला अजून ऐकू येतो. तो माणूस खाली पडला तरी दादा थांबेना. मी त्याच्या कमरेला मिठी मारून त्याला ओढलं. त्या माणसाचा जबडा एका बाजूला लोंबत होता. दादा हुंदके देत होता आणि घागर सोडत नव्हता.

तासाभरात समोरच्या गल्लीचा जमाव आमच्या गेमच्या दुकानासमोर आला. हातात काठ्या, सायकलची चेन.

"टाकीवर मारामारीचा खेळ यांनीच काढला! इथंच शिकला तो!"

अप्पा डोक्याला टॉवेल गुंडाळून पायरीवर उभे राहिले. टॉवेल लाल झाला होता. "खेळाला मी रोज शिव्या देतो," ते म्हणाले. "पण आज त्यानं बाप पडलेला बघितला म्हणून मारलं. माझ्याशी बोला."

 एकानं त्यांना ढकललं आणि सगळे आत घुसले. पडदे फुटले, खोकी लाथांनी चेपली, तारा उपटल्या. माझ्या मुठीत स्क्रू ड्रायव्हर होता. जवळच्या माणसाची मान उघडी होती आणि ती भोसकावी असं मला खरोखर वाटलं. तेवढ्यात अप्पांनी माझं मनगट धरलं, हाड मोडेल इतकं घट्ट.

दादावर केस झाली. तो माणूस कितीतरी दिवस नळीनं पातळ पेज घेत होता. अप्पा त्याच्या घरी जाऊन आले. तिथं त्यांना कुणी बसा म्हटलं नाही, पण पुढं दोन्ही घरांत समझोता झाला. दुकान पुन्हा उघडलं नाही. मी नांदेडला एका दुरुस्तीच्या दुकानात लागले.

दादा आता किराण्यात बसतो. सणाला घरी गेले की अप्पा आणि मी अजून भांडतो, खेळानं पोरं बिघडतात की नाही यावर. अप्पांना मार बसलेल्या बाजूच्या कानानं कमी ऐकू येतं, म्हणून मी ओरडून बोलते. दादा तेव्हा मधे पडत नाही. तो उठून मागं जातो आणि पोती सरळ करत बसतो.