जुंपलेली गाडी

माझी आई मरत होती आणि बायका तिची ओटी भरत होत्या.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मार्गासनीच्या अलीकडचं आमचं गाव. आईचं डोकं सकाळपासून ठणकत होतं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. दुपारी कळा सुरू झाल्या. मग अंग ताठ झालं, दातखीळ बसली, झटके येऊ लागले.

बायका म्हणाल्या, मेंगाई अंगात आली.

भोरच्या दवाखान्यात न्यायला बैलगाडी जुंपलेली होती. पण देवी अंगात असताना बाईला हलवायचं नाही, अशी रीत.

बैल सोडले. आईला मळवट भरला. सगळे पाया पडले.

मी जन्मलो. आईनं पुन्हा डोळे उघडले नाहीत.

मला वाढवलं थोरल्या आत्यानं. ती अभिमानानं सांगायची, "तुजी आय साधी गेली न्हाई. देवी घेऊन गेली."

मीही तेच मानत आलो.

मागच्या वर्षी लेकीला सातवा महिना होता. बीपी वाढलं. चेकअपला आत्याही हट्टानं आली.

"पाय कधीपासून सुजलेत?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

आत्या मधेच म्हणाली, "पोटुशी हाय ती, हरणी न्हाई. सुजायचेच."

बाई हसल्या. लेकीच्या नडगीवर त्यांनी अंगठा दाबला. खळगा पडला, तो तसाच राहिला.

आत्या वाकून त्या खळग्याकडे बघत राहिली.

बाईंनी मला समजावलं. शरीराची राखण करणाऱ्या पेशी एरवी परक्याला हाकलतात. पोटातल्या बाळाला मात्र सांभाळून घेतात, वारेला रक्त पोचायला वाट करून देतात. कधी कधी त्यांचं बिनसतं. मग बीपी चढतं, वेळेत उपचार नाही झाले तर झटके येतात.

"पूर्ण कारण अजून आम्हालाही कळलेलं नाही, काका."

"म्हणजे माझ्या आईच्या शरीराला मी परका वाटलो?"

"इतकं सोपं नसतं ते. दोष कुणाचाच नसतो."

बाहेर बाकड्यावर आत्या म्हणाली, "पाया पडले तवा तुज्या आयच्या पायात माजी बोटं रुतली व्हती. असाच खळगा."

पुढं म्हणाली, "बैल सोडा म्हणून म्याच सांगितलं."

आणि मग, "ती देवी नव्हती व्हय रं?"

मी आजही मेंगाईपुढे हात जोडतो. तिथंही याचं उत्तर मिळालेलं नाही.

लेक सुखरूप बाळंत झाली. आत्या पतवंडाला मांडीवर घेते, पण आधी त्याच्या आईचे पाय दाबून बघते.

आज आईची तिथी. पान वाढताना आत्या म्हणाली, "तिला सांग, म्या मुद्दाम न्हाई केलं."

सांगितलं, आई.

माझंही तेच सांगणं आहे.

तुला नमस्कार.