पाटीवरचा 'वीज' हा शब्द

परवा मी इथे लिहिलं होतं की देवळीतल्या माझ्या दुकानाची नोंदणी झाली, आता नळाची आणि विजेची दोन्ही कामं घेईन. ते चुकीचं होतं. विजेच्या फिटिंगला वेगळा परवाना लागतो, हे आज वर्ध्याच्या कार्यालयात कळलं.

मी काम बाबांकडे शिकले. पण परवान्यासाठी लागणारा अनुभवाचा दाखला परवानाधारकाचाच चालतो, आणि बाबांनी जन्मभर दुसऱ्याच्या परवान्यावर काम केलं. म्हणजे त्यांनी शिकवलेलं धरलंच जात नाही.

बाहेर एक ठेकेदार भेटले. म्हणाले, "माह्या परवान्यावर कर ना, पोरी. सगळे असंच करून राह्यले."

"अन् कोणाले करंट लागला तर?"

"तवा मी तुले ओळखत नाई!" म्हणत ते हसले.

बाबा गाडीजवळ थांबले होते. सगळं ऐकून एवढंच बोलले, "मंग मी तुले शिकवलं ते काय होतं?"

तुम्ही त्यांना काय सांगितलं असतं?

ज्यांनी वायरिंगसाठी सांगून ठेवलंय, त्यांनी कृपया दुसरं कुणी बघावं. दुकानाची पाटी बाबांनीच रंगवली आहे. सोमवारी सकाळी, दुकान उघडण्याआधी, तिच्यावरचा 'वीज' हा शब्द मी रंग मारून झाकणार आहे.