बाईंनी धरलेला डूख

आमच्या गावच्या अंगणवाडीच्या बाई कुणालाही माफ करत नसत. हे त्या स्वतःच सांगत, आणि सांगताना त्यांचा आवाज जराही चढत नसे. पहिलीत असताना गुरुजींनी त्यांना विचारलं होतं, पाटी आणलीस का? त्या 'न्हाय' म्हणाल्या. 'नाही' म्हणायला येत नाही म्हणून गुरुजींनी त्यांना बाकावर उभं केलं आणि सगळ्या वर्गाला हसायला लावलं. पुढची दोन वर्षं बाई शाळेत एक अक्षर बोलल्या नाहीत. कितीतरी वर्षांनी ते गुरुजी वारले, तेव्हा त्यांना पोचवायला सारा गाव लोटला. बाईंनी त्या दिवशी घरी पुरण घातलं. "चार पोळ्या खाल्ल्या," त्या मला म्हणाल्या. "तूप घेऊन."

माझी त्यांच्याशी गाठ पडली ती माझ्या मुलीमुळे. नागावच्या किनाऱ्यामागे नारळाच्या वाडीत आमच्या चार खोल्या आहेत. शनिवार-रविवारी तिथे मुंबईची माणसं उतरतात. नवरा मांडव्याला जेट्टीवर कामाला, त्यामुळे पाहुण्यांचं सगळं माझ्यावर. आर्वीनं पायात पायात येऊ नये म्हणून मी तिच्या हातात मोबाईल देऊन तिला कोपऱ्यात बसवायची. ती तीन वर्षांची झाली तरी सात-आठ शब्दांपुढे गेली नव्हती. चांगल्या शाळेत पडली की बोलेल, असं वाटून आम्ही तिला अलिबागकडच्या एका इंग्रजी नर्सरीत घातलं.

तिथल्या मॅडमनी पहिल्याच आठवड्यात बजावलं, की घरात तुमची गावठी भाषा पूर्ण बंद करा, फक्त इंग्रजी बोला. माझं इंग्रजी पाहुण्यांना खोली दाखवण्यापुरतं. मग मी घरात बोलणंच कमी केलं. पोरीला आंघोळ घालतानासुद्धा तोंड मिटून. दोन महिन्यांत आर्वीचे होते ते शब्दही गेले. आणि एका दुपारी, बाकीच्या आया उभ्या असताना, मॅडमनी तिचं दप्तर माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "आमच्याकडे नॉर्मल मुलं घेतो आम्ही." मी दप्तर घेऊन निघाले. रिक्षात बसल्यावर मात्र मी मॅडमना मनातल्या मनात जे जे म्हटलं, ते इथे लिहिता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी आर्वीला घेऊन अंगणवाडीत गेले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी मॅडमचं नाव विचारलं, मग राहतात कुठे ते विचारलं. "बरं," म्हणाल्या, "ध्यानात ठेवते." मग आम्हाला सरकारी दवाखान्यात कान तपासायला धाडलं. कान ठीक निघाले. तो कागद वाचून त्या माझ्याकडे वळल्या, आणि मलाही त्यांनी सोडलं नाही. "पोर मुकी न्हाय. तिच्याशी बोलणारं घरात कोन हाय? तो मोबाईल तिचं ऐकतो का?" मला तेव्हा त्यांचाही राग आला होता.

बाईंची रीत साधी होती. पोर जिकडे बघेल तिकडे आपण बघायचं, आणि ती जे बघते आहे त्याबद्दल बोलायचं. विचारलं तर उत्तरासाठी थांबायचं; त्या मनात दहा आकडे मोजायच्या, मला वीस मोजायला लावायच्या. 'बोल, बोल' म्हणून मागे लागायचं नाही. पोर चुकली तर 'असं नाही, असं' म्हणायचं नाही. आणि बोलायचं ते आपल्या आईनं आपल्याला शिकवलेल्या भाषेत. मी पुन्हा बोलायला लागले. वांगी चिरताना, कपडे वाळत घालताना, आर्वीकडे बघत. पहिले काही दिवस भिंतीशी बोलल्यासारखं वाटायचं.

चौथ्या महिन्यात अंगणवाडीच्या अंगणात नांग्या उगारत, तिरकी चालत एक चिंबोरी आली. मी 'ते काय गं?' म्हणणार, तोच बाईंनी माझा दंड धरला. नख लागेपर्यंत धरला. आर्वी चिंबोरीकडे बघत राहिली, मग बाईंकडे वळून म्हणाली, "चिंबोली."

"व्हय," बाई म्हणाल्या. "चिंबोरी. मोठी चिंबोरी. बिळात चालली."

"बिलात," आर्वी म्हणाली.

मला रडू फुटलं. बाईंनी फक्त पदर झटकला. "आता तुझी मॅडम," त्या म्हणाल्या.

बाईंना कुठे जावं लागलं नाही. वर्षभरानं मॅडमच अंगणवाडीच्या दारात उभ्या राहिल्या. त्यांचा नातू अडीच वर्षांचा झाला होता आणि बोलत नव्हता. कुणीतरी त्यांना बाईंचं नाव सांगितलं होतं. मी तेव्हा आर्वीला न्यायला आले होते. मला वाटलं, बाई आता दार लावून घेतील. लावावं, असंच मला वाटत होतं. पण बाईंनी नातवाला उचलून कडेवर घेतलं आणि मॅडमना सांगितलं, "पोराला घेते. पन तुमीबी रोज यायचं. खाली, चटईवर, पोरांत बसायचं. आनि तुमची आय जशी बोलायची तसं याच्याशी बोलायचं. इंग्रजी न्हाय."

मॅडम बसल्या. कडक इस्त्रीच्या साडीत, मांडी घालून, शेंबड्या पोरांच्या मधे. दोन दिवस त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. तिसऱ्या दिवशी कौलावर कावळा बसला, नातू त्याच्याकडे बघू लागला, आणि मॅडमच्या तोंडून आलं, "कावला हाय, बाला. उडला बघ." बाईंनी खोदून विचारलं, आणि त्यांची आई माणगावकडच्या खेड्यात भात लावणारी होती, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. मॅडमची मान खाली गेली. बाई माझ्याकडे बघून हसल्या. ते हसू चांगलं नव्हतं. मीही हसले, आणि माझंही चांगलं नव्हतं.

पावसाळ्यापर्यंत नातू बोलू लागला. मी बाईंना म्हटलं, आता तरी राग गेला असेल.

"राग गेला असता तर कवाच घरी बसले असते," त्या म्हणाल्या. "त्याच्यावर तर इतकी पोरं बोलती केली."

गेल्या वर्षी बाई हृदयविकारानं गेल्या. शाळेच्या पटांगणात शोकसभा झाली. आर्वी सहा वर्षांची, माझ्या शेजारी बसली होती. पुढच्या रांगेत मॅडम होत्या. शेवटी सरपंचांनी दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगितलं. सगळे उभे राहिले. आर्वीनं इकडेतिकडे पाहिलं आणि मोठ्यानं विचारलं, "आई, सगळ्यांना कोनी गप केलं?"

माणसं वळून बघू लागली. मॅडमही वळल्या, आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

मी त्यांच्या डोळ्यांत बघत राहिले. मग आर्वीजवळ खाली बसले आणि पूर्ण आवाजात तिला सांगू लागले, की माणूस गेलं की लोक असे का उभे राहतात, बाई कुठे गेल्या, आणि आता परत का येणार नाहीत. ती मधे मधे विचारत होती. दोन मिनिटं संपली, लोक खाली बसले, तरी आमचं बोलणं चालूच होतं.