पुंजाजींचे ठिपके

अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात पुंजाजी प्रयोगशाळेतले शिपाई. शिपाई नुसते कागदावर; इशिता मॅडमच्या संशोधनाचं अर्धं काम त्यांच्याच हातचं. खाटकाकडून बकऱ्याच्या पायातली कंडरा आणायची, म्हणजे मांस हाडाला बांधून ठेवणारी ती पांढरी दोरी. तिच्यावर काळे ठिपके टाकायचे. मग मशीन तिला ताणतं, कॅमेरा फोटो काढत राहतो, आणि ठिपके किती सरकले यावरून कॉम्प्युटर सांगतो, ताण कुठे किती बसला.

पहिल्या खेपेला पुंजाजींनी सुईच्या टोकाने ठिपके लावले, ओळीत, सारख्या अंतरावर. नांदगाव खंडेश्वरचा शेतकऱ्याचा मुलगा; नांगराचं वाकडं तास बापाने कधी खपवून घेतलं नव्हतं. कॉम्प्युटर पार गोंधळला. सगळेच सारखे, तर कोणता कुठला हे तो बिचारा ओळखणार कसा? तेव्हापासून ते टूथब्रश रंगात बुडवून अंगठ्याने शिंतोडे उडवतात. काम आटोपलं तरी कॉम्प्युटरच्या पडद्यासमोरून हलत नाहीत. ठिपके बरोबरीने सरकले तर कंडरा नुसती हलली, त्यांच्यातलं अंतर वाढलं तर ताणली, हे त्यांनी पाहून पाहूनच हेरलं.

मार्चमध्ये फुटक्या बरणीने त्यांच्याच अंगठ्याची कंडरा कापली. अकोल्याला डॉ. ज्योत्स्नांनी ती शिवली, पण तीन महिने झाले तरी अंगठा धड वाकेना. पुंजाजी मनातून घाबरले होते. निवृत्तीला अजून चार वर्षं, आणि ब्रश चालवायचा कशाने?

डॉक्टरांनी अंगठ्यावर सोनोग्राफीचं यंत्र टेकवलं. "काका, वाकवून बघा."

पडद्यावर करडे ठिपकेच ठिपके. पुंजाजी पुढे झुकले. "मॅडम, हे कोनं उडवले?"

"कोणी नाही, मांसातूनच उमटतात. हा पट्टा तुमची कंडरा, वरचं हे बाकीचं मांस. कंडरा मोकळी असली की ती एकटीच सरकते, वरचं जागच्या जागी राहतं."

पुंजाजींनी अंगठा पुन्हा वाकवला, आणि आणखी एकदा. डॉक्टर शब्द शोधत होत्या. "सुधारणा आहे तशी, पण थोडा वेळ..."

"गोड नोका बोलू, मॅडम. वरचे आन् खालचे संगंच चालून राह्यले. चिकटली हाये ते."

डॉक्टरांनी मान हलवली. "सोडवावी लागेल. पुन्हा ऑपरेशन. तेवढीच जागा बधिर करू, तुम्ही जागे असाल; मध्ये कापडाचा आडोसा असेल. मी सांगेन तेव्हा अंगठा हलवायचा."

पुंजाजींनी पडद्यावरच्या ठिपक्यांकडे पुन्हा एकदा पाहिलं.

"मंग मधात कापड नोका लावू. सुटतानी मले पाह्याची हाये ते."