सासूने शोधलेली खोली

गल्लीत सगळे तिला टेलरबाई म्हणायचे. शाळेचे गणवेश शिवायची. वाढत्या पोरांच्या कपड्यांना खाली चार बोटं जास्तीचं कापड दुमडून ठेवायची, म्हणजे पुढच्या वर्षी उसवून लांब करता येई. आयांना याचं फार कौतुक.

नवरा ट्रक चालवायचा. एका वळणावर गाडी उलटली आणि तो जागीच गेला. घरात तिघी उरल्या: टेलरबाई, तिची सासू आणि शाळेत जाणारी मुलगी. झोप यावी म्हणून टेलरबाईने नवऱ्याच्या कपाटात राहिलेली बाटली उघडली. ती संपली, मग दुसरी आली. बाईमाणूस पीत असेल असं कुणाच्या मनातही येत नाही, त्यामुळे बरेच दिवस निभावलं. पुढे शर्टांना उलट्या बाह्या लागायला लागल्या. एका शाळेने काम काढून घेतलं. मुलीच्या पालकसभेला ती पिऊन गेली आणि सगळ्यांच्या देखत खुर्चीवरून घसरली.

मुलीने त्याच संध्याकाळी मामाला बोलावून घेतलं. मामाने बहिणीकडे न बघताच भाचीची बॅग उचलली.

"आजी, तूही चल," मुलगी म्हणाली.

"मी आले तर हिच्याकडे कोण बघणार?" सासू म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून म्हातारी कुरकुरणारे गुडघे घेऊन हिंडायला लागली. दारू सोडवायला काय करायचं, हे औषधाच्या दुकानात विचारलं, दवाखान्यात विचारलं. "माझ्या ओळखीतल्या एका बाईसाठी हवंय," असं प्रत्येक ठिकाणी सांगायची आणि प्रत्येक ठिकाणी तिचा चेहरा पडायचा. शेवटी एका नर्सने पत्ता दिला. वाचनालयाच्या मागच्या बाजूला दर गुरुवारी दारू सोडलेले लोक जमतात. कुणी नाव विचारत नाही.

पहिल्या गुरुवारी दोघी चुकून भलत्याच खोलीत शिरल्या. तिथे माणसं जोडीजोडीने पटावर वाकून बसली होती. सासूने एकेकाकडे निरखून पाहिलं, मग कुजबुजली, "दारू सुटली की माणूस इतका गप्प होतो होय गं?"

तो बुद्धिबळाचा वर्ग होता. टेलरबाईला हसू आवरेना. नवरा गेल्यापासून ती अशी हसली नव्हती.

शेजारची खोली खरी. प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात चहा, आणि सगळे पुरुष. बैठक चालवणारा प्लंबर म्हणाला, "ताई, बसा. बोलावंसं वाटलं तर बोला, नाहीतर नुसतं ऐका." सासू दारातच घुटमळत होती. "मी पीत नाही हो," ती घाईघाईने म्हणाली. "मग तुम्हीही ऐका, आजी," तो म्हणाला.

टेलरबाई ऐकत राहिली. पिणं कमी झालं, मग थांबलं. बोलायला मात्र तिची जीभ रेटत नव्हती. एका गुरुवारी खोलीत कुणीच बोलेना, तेव्हा सासूनेच तोंड उघडलं.

"माझा नवरा दारूने गेला. मी लोकांना कावीळ सांगितली. मुलालाही तेच सांगितलं. तो प्यायला लागला तरी मी गप्प. त्या वळणावर तो शुद्धीत नव्हता. पोलिसांनी मला सांगितलं होतं. हिला मी कळू दिलं नाही."

टेलरबाई उठून बाहेर आली. सासू मागोमाग.

"आई, तुम्हाला सगळं माहीत होतं?"

"होतं. गप्प बसून मी दोघांना घालवलं. आता तू उरलीस. तुलाही तसंच घालवू का?"

टेलरबाई तिला तिथेच सोडून घरी निघाली. जाताना वाटेत तिने बाटली घेतली आणि पुन्हा पहिल्यासारखी प्यायला लागली. सासूशी बोलणंही टाकलं. सासू गुरुवारी एकटीच जायची, एकटीच परत यायची.

एका दुपारी सासू स्वयंपाकघरात कोसळली. टेलरबाई पलीकडच्या खोलीत पिऊन पडलेली होती, तिला आवाजही आला नाही. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी सासूला दवाखान्यात नेलं. टेलरबाई तिथे पोचली तोवर सासूची वाचा गेली होती. ती नुसती सुनेकडे बघत राहिली. "आई, शिव्या द्या हो मला," टेलरबाई म्हणत होती. त्या आठवड्यातच सासू गेली.

पुढच्या गुरुवारी टेलरबाई त्या खोलीत एकटी गेली आणि पहिल्यांदा बोलली. "माझी सासू मला हाका मारत असेल आणि मी पिऊन पडले होते." एवढं बोलून ती खाली बसली. कुणी समजूत घातली नाही. शेजारच्या माणसाने चहाचा कप तिच्या हातात दिला आणि तिने तो नीट धरेपर्यंत खालून आधार दिला.

त्यानंतर ती प्यायलेली नाही.

काही महिन्यांनी मुलगी आजीच्या वस्तू न्यायला आली. दारातच तिने आईला मिठी मारल्यासारखं केलं. ती वास घेतेय, हे टेलरबाईला कळलं. तिने मान वळवली नाही. मुद्दाम लांब श्वास सोडला.

मुलीने आजीची शाल घडी करून पिशवीत ठेवली. "मी फोन करेन," ती म्हणाली.

अधूनमधून तिचा फोन येतो. अभ्यासाचं बोलते, मामीच्या तक्रारी करते. टेलरबाई सगळं ऐकून घेते. घरी कधी येतेस, एवढं मात्र तिला अजून विचारवत नाही.