सुकडीची पिशवी

बेबाबाई कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. शेजारणीची ताकाची वाटी आली, तर परत जाताना तिच्यात चार मिरच्या का होईना, पडणारच. पिंपळनेरजवळच्या त्यांच्या गावात ही रीत सगळेच पाळतात, पण इतक्या हट्टाने पाळणारी दुसरी दाखवा बरं! सून दिपमाला माहेरचा डबा नुसता धुऊन घेऊन निघाली होती, तर म्हातारीने तिला एसटीच्या पायरीवरून खाली उतरवलं. गाडी गेली, पण डब्यात गूळ-शेंगदाणे पडले.

एक गोष्ट मात्र राहून गेली होती. बहात्तरच्या दुष्काळात त्या आठ वर्षांच्या. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि कामावरच्या पोरांना दुपारी मूठ मूठ गोड सुकडी मिळायची. तिचं पीठ म्हणे सातासमुद्रापलीकडून यायचं. पीठ संपल्यावर एक पिशवी आईला मिळाली. आई गेली, पिशवी राहिली. "कोनी धाडी काय माहीत, पन हाई रिकामीच शे मन्हाकडे," बेबाबाई पन्नास वर्षं म्हणत आल्या आणि घरचे हसत आले.

या उन्हाळ्यात दिपमालाने मोबाइलवर वाचून दाखवलं. जगात कुठे कुठे लेकरं उपाशी आहेत, त्यांच्यासाठी एक संस्था मदत गोळा करतेय आणि बाजाराच्या दिवशी पिंपळनेरला मंडप टाकणार आहे. झालं! म्हातारीच्या अंगात वारं शिरलं. आठ दिवस अंगणात बिबडेच बिबडे, आपले ज्वारीचे पापड हो. ज्वारीचा घाटा शिजतोय, लसूण-तीळ पडताहेत, ओल्या फडक्यावर चकत्या थापल्या जाताहेत आणि शेजारणी न बोलावता हजर! वाळलेले बिबडे त्याच पिशवीत रचले आणि दोघी निघाल्या.

मंडपात टेबलामागे भूषण नावाचा तरुण होता. पिशवी बघून तो बिचारा कानकोंडा झाला. "अक्का, आम्ही खायच्या वस्तू घेत नाही. पैसे पाठवतो, मग तिकडेच अन्न विकत घेऊन वाटतात. बिबड्यांचा तर पोचेपर्यंत भुगा होईल."

बेबाबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. भरलेली पिशवी परत घरी न्यायची? पन्नास वर्षांनी? रडूच आलं त्यांना, खोटं कशाला सांगू. मग पदराने डोळे पुसले आणि शेजारच्या कणीसवाल्याच्या शेगडीकडे त्यांचं लक्ष गेलं.

"भाऊ, जरासा निखारा दे ना."

पहिला बिबडा भाजला आणि असा खमंग वास सुटला की भाजीची पिशवी सोडून लोक इकडे वळले. दिपमाला तेल-तिखट लावायला बसली. बेबाबाईंचा आवाज तर काय विचारता! "खाई ल्या रे! पैसा माले नको, भुक्या पोरेस्ले जातीन!" कुणी दहा दिले, कुणी शंभर देऊन एकच बिबडा नेला. कणीसवाल्याने स्वतःची कणसं बाजूला सारली आणि पंखा हातात घेतला. उन्हं उतरेपर्यंत पिशवीत बिबडा नव्हता, नोटाच नोटा होत्या.

बेबाबाईंनी ती टेबलावर उलटी केली. "आते धाड!"

भूषण मोजताना दोनदा चुकला. पावती लिहून झाली. पिशवी परत द्यायला त्याने हात पुढे केला आणि तसाच थांबला. मग स्वतःचा डबा उघडून आईने दिलेल्या दोन भाकरी कागदात बांधून त्याने पिशवीत ठेवल्या.

"मी पण इकडचाच, शिरपूरचा, अक्का. रिकामी कशी देऊ?"

"आनि तू काय खाशी रे?" बेबाबाई कडाडल्या. एक भाकरी त्याला तिथेच समोर बसवून खायला लावली. दुसरी घेऊन गाडीत बसल्या, तेव्हा त्यांचा चेहरा नव्या नवरीसारखा फुलला होता.

दिपमाला म्हणाली, "आत्याबाई, आते हाई पिशवी परत भरीसन देनी पडी."

"तेन्हाकर्ताच त भाकरी लिधी!" बेबाबाई म्हणाल्या.